मेंदूचे चित्र आणि विस्मरणाचे भाकीत

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक स्तंभांतून एक बातमी निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. मेंदूचे चित्र काढून स्मृतिभ्रंशाचे निदान आता लक्षणे दिसण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी करता येईल, असा तिचा आशय असतो. कधी त्यात संगणकाची भर पडते. हजारो चित्रे पाहून शिकलेला संगणक नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने रोग ओळखतो, असे सांगितले जाते. सोबत निळ्या-पिवळ्या-तांबड्या रंगांनी उजळलेले मेंदूचे चित्र असते. ते पाहून वाचकाच्या मनात संशयाला जागा उरत नाही, कारण डोळ्यांनी दिसलेली गोष्ट खरी मानण्याची आपली सवय जुनी आहे.

ही बातमी खोटी नाही. मात्र तिच्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एका वाक्यात गुंडाळलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही सिद्ध झालेल्या आहेत तर काही नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही या दाव्याची उकल करणार आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी त्याची तपासणी करायला लागणारी हत्यारे, म्हणजे शब्दांची नेमकी व्याख्या, शेकडेवारी आणि परीक्षेचे नियम, शिक्षकांच्या रोजच्या वापरातली आहेत.

आधी शब्दांचा घोटाळा

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एका रोगाचे नाव नव्हे. ताप जसा मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो आणि साध्या सर्दीनेही येतो, तसाच डिमेन्शिया हा अनेक कारणांनी दिसणारा लक्षणसमूह आहे. स्मरण, भाषा, दिशांचे भान, निर्णयशक्ती यांपैकी काही क्षमता इतक्या ढासळतात, की माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत. या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमरचा रोग हे त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील दोष, ल्यूई पिंडांचा विकार, कपाळामागच्या भागाचा ऱ्हास ही आणखी काही कारणे. शिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदी, खोल नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही असेच चित्र दिसू शकते, आणि ती कारणे वेळीच सापडली तर बरीचशी दुरुस्त होतात.

म्हणून डिमेन्शियाचे निदान आणि अल्झायमरच्या रोगाचे निदान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला माणसाच्या वागण्याबद्दलचा आहे. त्याचे उत्तर घरच्यांशी बोलून आणि रुग्णाला काही कामे करायला सांगून मिळते. दुसरा मेंदूच्या पेशींत काय घडत आहे याबद्दलचा आहे. चित्रण-यंत्रे या दुसऱ्या प्रश्नाला मदत करतात. बातमीत मात्र दोन्ही प्रश्नांसाठी एकच शब्द वापरला जातो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

यंत्रे नेमके काय पाहतात

मेंदूचे चित्र म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले गेले. क्ष-किरणांनी घेतलेल्या या छेदचित्रात मेंदूतील गाठ, रक्तस्राव, कवटीखाली साचलेले रक्त, साठलेले पाणी या गोष्टी दिसतात. विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची असते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूवर साचलेले रक्त हे विस्मरणाचे कारण निघाले, तर शस्त्रक्रियेने माणूस पुन्हा पूर्ववत होऊ शकतो.

एमआरआय हे दुसरे तंत्र. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून येणारे संकेत टिपून ते मेंदूच्या रचनेचे बारकावे दाखवते. अल्झायमरमध्ये कानशिलाच्या आतल्या बाजूस असलेला हिपोकॅम्पस हा नव्या आठवणी साठवण्यात भाग घेणारा अवयव लवकर आक्रसतो. निरोगी वृद्धांत त्याचे आकारमान वर्षाला सुमारे दीड टक्क्याने घटते, अल्झायमरच्या रुग्णांत सुमारे साडेचार टक्क्यांनी. सरासरीतला हा फरक स्पष्ट आहे, पण एका माणसाच्या एका चित्रावरून तो ठरवणे अवघड जाते. कुणाचा हिपोकॅम्पस मुळातच लहान असतो, आणि तो आक्रसण्याची कारणेही एकाहून अधिक आहेत.

तिसरे तंत्र पेटचे. यात किरणोत्सारी अणू जोडलेले एखादे रसायन शिरेतून देतात आणि ते मेंदूत कुठे जमते हे बाहेरून मोजतात. ग्लुकोजसारख्या रसायनाला फ्लोरीन-१८ जोडले, तर मेंदूचा कोणता भाग इंधन कमी वापरतो ते कळते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागांत वापर मंदावतो, तर कपाळामागच्या ऱ्हासात तो पुढच्या भागांत मंदावतो. या दोन रोगांत फरक करायला या चित्राची चांगली मदत होते. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. त्यामुळे ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र जवळपास असावे लागते. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले.

चौथे तंत्र पेटचेच, पण लक्ष्य निराळे. अल्झायमरच्या मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे पुंजके साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते होतात. पूर्वी हे पुंजके मृत्यूनंतरच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत. पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी थायोफ्लेविन या पिवळ्या रंगद्रव्यापासून एक रसायन बनवले. ते अमायलॉइडला चिकटते. २००२ साली स्वीडनमधील उप्साला येथे ते प्रथम माणसाला देण्यात आले, आणि जिवंत मेंदूतले पुंजके दिसले. पण त्यातील कार्बन-११चे अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटांचे होते. पुढे फ्लोरीन-१८ जोडलेली रसायने निघाली. त्यांतल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली. ज्यांचे चित्र मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत काढले होते अशा ५९ जणांच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहता, पुंजके असलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांत ते चित्रातही दिसले, आणि ज्यांच्यात पुरेसे पुंजके नव्हते अशा एकाच्याही बाबतीत चित्राने चुकीचा होकार दिला नाही.

ही कामगिरी खरोखर मोठी आहे, आणि पुढे आम्ही जी टीका करणार आहोत तिने तिचे मोल कमी होत नाही. हे चित्र अमायलॉइड अचूक मोजते. प्रश्न आहे तो अमायलॉइड मोजल्याने काय कळते, हा.

पहिली हरकत : पुंजके म्हणजे विस्मरण नव्हे

आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टमध्ये आउगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले. तिच्या मृत्यूनंतर १९०६ साली तिच्या मेंदूत त्यांना पुंजके आणि गुंते दिसले. या निरीक्षणातून स्वाभाविकच असा समज पसरला, की पुंजके आले की विस्मरण येणार.

पण अमेरिकेतील डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या जोगिणींच्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. एका ख्रिस्ती संघातील ६७८ वृद्ध जोगिणींनी वर्षानुवर्षे चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देण्याचे कबूल केले. त्यांतली सिस्टर मेरी १०१ वर्षे जगली. शेवटपर्यंत तिचे गुण उत्तम होते. मेंदूत मात्र पुंजके आणि गुंते भरपूर सापडले. अशी ती एकटीच नव्हती.

पेट चित्रांनी हीच गोष्ट जिवंत माणसांत दाखवली. २०१५ साली अनेक देशांतील आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, स्मरणशक्ती ठाकठीक असलेल्यांपैकी पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, अमायलॉइड विस्मरणाच्या वीस-तीस वर्षे आधीपासून साचू लागत असावे. बातमीतली ‘पंधरा वर्षे आधी’ ही भाषा इथून येते. दोन, ज्यांच्यात ते साचते त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. हा दुसरा निष्कर्ष बातमीतून गळून पडतो.

किती जणांना होते? अमेरिकेतील ब्रुकमायर आणि अब्दल्ला यांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला. केवळ अमायलॉइड असलेल्या, पण दुसरे काही बिघडलेले नसलेल्या ६५ वर्षांच्या स्त्रीला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा डिमेन्शिया होण्याची शक्यता २९.३ टक्के, तर ९० वर्षांच्या स्त्रीला ८.४ टक्के. म्हणजे पासष्टाव्या वर्षी चित्र ‘होकारार्थी’ आलेल्या दहा स्त्रियांपैकी सात जणींना तो डिमेन्शिया होतच नाही. याचे एक कारण असे, की रोग लक्षणांच्या टप्प्यावर पोचण्याआधीच माणूस दुसऱ्या कशाने तरी जातो. अर्थात तीस टक्क्यांचा धोका क्षुल्लक नाही. पण ‘धोका आहे’ आणि ‘रोग आहे’ या दोन विधानांत जे अंतर आहे, ते रंगीत चित्रात दिसत नाही.

याच संदर्भात आपल्या देशातील एक अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. अशा अभ्यासावरून कारण आणि परिणाम पक्के जोडता येत नाहीत. तरीही त्यातून एक गोष्ट सूचित होते. मेंदूची हानी आणि त्या हानीचा आयुष्यावर होणारा परिणाम यांच्या मधे माणसाच्या आयुष्यभराची कमाई उभी असते. शिक्षण, भाषा, काम, माणसांतला वावर यांचा तो साठा. चित्र हानी मोजते, साठा मोजत नाही.

दुसरी हरकत : शेकडेवारीचा चकवा

आता ‘नव्वद टक्के अचूक’ या शब्दांकडे वळू. यासाठी वर्गात फळ्यावर करण्याजोगे एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत.

समजा, एक चाचणी रोग असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि रोग नसलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना बरोबर सोडते. सरसकट १,००० निवृत्त लोकांची ही चाचणी केली, आणि त्यांत खरा रोग ५० जणांना आहे असे धरू. चाचणी ५० पैकी ४५ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ जणांनाही ती चुकून रोगी म्हणेल. एकूण १४० जणांच्या हाती ‘रोग आहे’ असा कागद पडेल, आणि त्यांतल्या ४५ जणांच्या बाबतीतच तो खरा असेल. हे प्रमाण सुमारे ३२ टक्के. म्हणजे तिघांपैकी दोघांना दिलेली वाईट बातमी चुकीची.

आता तीच चाचणी विस्मरणाच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञाकडे आलेल्या १,००० जणांची करू. इथे समजा ५०० जणांना रोग आहे. चाचणी त्यांतले ४५० पकडेल आणि ५० निरोगी लोकांना चुकून रोगी ठरवेल. ५०० होकारांपैकी ४५० खरे, म्हणजे ९० टक्के.

दोन्ही ठिकाणी यंत्र तेच आणि अचूकता तीच. फरक पडला तो यंत्रासमोर कोण बसले यामुळे. लक्षणे असलेल्या माणसाच्या बाबतीत जे चित्र डॉक्टरला आधार देते, तेच चित्र लक्षणे नसलेल्या माणसाला सरसकट लावले की भयाचा कारखाना बनते. ‘सर्वांची तपासणी करा’ ही सूचना ऐकायला कितीही लोकहिताची वाटली, तरी तिच्यामागचे गणित असे आहे.

अचूकता या शब्दाचा आणखी एक चकवा विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. पहिल्या उदाहरणातील १,००० जणांची कुठलीही तपासणी न करता कोणी सर्वांनाच ‘तुम्ही निरोगी’ असे सांगितले, तर ९५० जणांबाबत तो बरोबर ठरेल. त्याची अचूकता भरली ९५ टक्के, चाचणीपेक्षाही अधिक! आणि रुग्ण मात्र त्याने एकही शोधला नाही. म्हणून अचूकतेचा एकच आकडा देणारी बातमी अपुरी समजावी. किती रुग्ण पकडले आणि किती निरोगी सोडले, हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत.

तिसरी हरकत : फुटलेली प्रश्नपत्रिका

संगणकाच्या कर्तबगारीचे जे विक्रमी आकडे छापून येतात, त्यांतल्या अनेकांचा दोष शिक्षकांना सांगावा लागणार नाही, कारण तो परीक्षेचा दोष आहे.

संगणकाला शिकवायचे तर त्याला आधी रुग्णांची आणि निरोगी लोकांची चित्रे उत्तरांसह दाखवतात. मग न पाहिलेली चित्रे देऊन परीक्षा घेतात. इथे ‘न पाहिलेली’ ही अट कळीची आहे. मेंदूच्या एका एमआरआयमधून शंभरावर छेद मिळतात, आणि एकाच व्यक्तीचे स्कॅन वर्षा-वर्षाने अनेकदा घेतलेले असतात. हे सारे छेद एकत्र मिसळून त्यांतले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर एकाच माणसाचा मेंदू दोन्हीकडे येतो. मग संगणकाला रोग ओळखावा लागत नाही. माणूस ओळखला तरी पुरते. गृहपाठातलीच गणिते परीक्षेत आली, तर पाठांतर करणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण पडतात, त्यातला हा प्रकार.

२०२० साली फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका पाहणीत अल्झायमरच्या चित्रांवर संगणक शिकवल्याचे प्रसिद्ध निबंध या दृष्टीने तपासले गेले. निम्म्याहून अधिक निबंधांत अशी गळती झाली असण्याची शक्यता आढळली. त्या संशोधकांनी गळती बंद करून परीक्षा पुन्हा घेतली. ठळक रोग झालेले आणि पूर्ण निरोगी यांना वेगळे करणे संगणकाला बऱ्यापैकी जमले, पण ते तर अनुभवी डॉक्टरला चित्राशिवायही जमते. खरा कठीण प्रश्न मधल्या अवस्थेतल्या लोकांचा असतो. विस्मरण जाणवते, पण व्यवहार चालू आहेत, अशांपैकी पुढे कोण ढासळेल? तिथे यश पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपासच अडले. आणि नव्या धाटणीची गुंतागुंतीची जाळी जुन्या, साध्या पद्धतीपेक्षा सरस ठरली नाहीत.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची. या कामासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा चित्रसंग्रह उत्तर अमेरिकेतला आहे. तो २००४ साली सुरू झाला. त्यातले बहुसंख्य लोक गौरवर्णीय आणि उच्चशिक्षित आहेत. त्यांच्यावर शिकलेल्या संगणकाने मराठवाड्यातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, दीर्घकाळ रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या आजीबाईंबद्दल मत द्यावे का? द्यायचे असेल तर आधी इथल्या चित्रांवर त्याची परीक्षा झाली पाहिजे. ती झाल्यावाचून दुसरीकडचे गुणपत्रक इथे लागू पडत नाही.

चौथी हरकत : कळून करायचे काय?

रोग लवकर कळावा, या इच्छेमागे लवकर कळल्यास काही करता येईल, ही अपेक्षा असते. बराच काळ या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. २०२३ साली अमेरिकेत लेकॅनेमॅब आणि २०२४ साली डोनॅनेमॅब या औषधांना परवानगी मिळाली. ती अमायलॉइड पुसून काढतात. लेकॅनेमॅबची चाचणी सौम्य अवस्थेतील १,७९५ रुग्णांवर १८ महिने चालली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर, औषध न घेतलेल्यांची घसरण १.६६ गुणांची झाली आणि औषध घेतलेल्यांची १.२१ गुणांची. बातम्यांत हाच फरक ‘२७ टक्के मंद’ असा आला. गणिताने तो बरोबर आहे, पण प्रत्यक्षात तो १८ पैकी ०.४५ गुणांचा आहे. तो रुग्णाच्या आणि घरच्यांच्या लक्षात येण्याजोगा आहे की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, तीही बहुधा एमआरआयमध्येच. ही चाचणी लक्षणे असलेल्यांवर झाली, हे विसरता कामा नये.

इथे चित्रणाची खरी उपयुक्तता दिसते. असे औषध द्यायचे तर अमायलॉइड आहे याची खात्री हवी, आणि देताना सूज व बारीक रक्तस्राव यांवर एमआरआयने नजर ठेवायला हवी. अमेरिकेतील ‘आयडियाज’ या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांकडे आलेल्या ११,४०९ जणांचे अमायलॉइड चित्र काढले गेले. डिमेन्शिया झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच. चारांतल्या एका रुग्णाचे ‘अल्झायमर’ हे निदान बदलून दुसरे करावे लागले. सुमारे साठ टक्के लोकांच्या उपचारयोजनेत बदल झाला. नकारार्थी चित्र हे इथले मोठे साधन ठरले, कारण लक्षणे असूनही अमायलॉइड नसेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवे, हे त्यामुळे डॉक्टरला कळते.

पण त्याच पाहणीचा पुढचा भाग बातम्यांत फारसा आला नाही. चित्र काढलेल्या रुग्णांचे पुढील वर्षभरात रुग्णालयात दाखल होणे १० टक्क्यांनी कमी व्हावे, हे उद्दिष्ट आधी ठरवलेले होते. ते गाठले गेले नाही. उपचारयोजना बदलली, एवढ्यावरून रुग्णाचे भले झाले असे म्हणता येत नाही.

कळण्याची किंमतही असते. २०१४ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात, अल्झायमरचा धोका वाढवणारे जनुक असलेल्या वृद्धांच्या स्मरणचाचण्या घेतल्या गेल्या. ज्यांना आपल्यात ते जनुक आहे हे ठाऊक होते त्यांनी, ते जनुक असूनही ठाऊक नसलेल्यांपेक्षा वाईट कामगिरी केली. वर्गात एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणत राहिले की काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर २०२४ सालचा वाद समजून घ्यावा. त्या वर्षी अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने असे निकष मांडले, की अमायलॉइड चित्र किंवा तत्सम जैविक खूण होकारार्थी असेल तर लक्षणे नसली तरी तो अल्झायमरचा रोगच मानावा. त्याच वर्षी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने याला विरोध केला. जैविक खूण आणि लक्षणे दोन्ही असतील तेव्हाच रोग म्हणावे, एरवी ‘धोका असलेला’ म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. संशोधकाला रोगाची सुरुवात कुठे होते ते शोधण्यासाठी पहिली व्याख्या सोयीची असेल, पण आयुष्यभर स्मरणशक्ती शाबूत राहणार असलेल्या माणसाच्या कपाळी रोगाचे नाव लिहिण्याचा अधिकार सोयीने मिळत नाही. तरीही पहिल्या गटाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लक्षणे नसलेल्या लोकांची नेहमीच्या दवाखान्यात अशी तपासणी सध्या करू नये, हे त्यांनीही स्पष्ट लिहिले आहे. २०२५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली रक्ताची चाचणीदेखील लक्षणे असलेल्यांसाठीच आहे. बातमी वाचून स्कॅन करून घ्यायला निघालेल्यांपर्यंत एवढी एक ओळ तरी पोचायला हवी.

आपल्याकडचा प्रश्न

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगत आहेत. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आणि खेड्यांत शहरांपेक्षा अधिक. पेट यंत्रे मात्र शहरांत. ज्या आजीचे विस्मरण ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते, तिला पहिली गरज चित्राची नसते. कोणीतरी बसून तिच्याशी आणि तिच्या सुनेशी अर्धा तास बोलावे, रक्तदाब आणि साखर पाहावी, बी-१२ आणि थायरॉइड तपासावे, ऐकू येते का ते बघावे, आणि गरज वाटली तर साधा सीटी काढावा. या पायऱ्या ओलांडून थेट महागड्या चित्राकडे धावणे म्हणजे पाया न भरता कळस चढवणे होय.

साध्या पायऱ्यांवरही विज्ञान लागते. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत कागदावरचा मजकूर वाचणे, वाक्य लिहिणे अशी कामे आहेत. शाळेत न गेलेला माणूस ती करू शकत नाही, आणि स्मरणशक्ती शाबूत असूनही रोगी ठरतो. म्हणून हरियाणातील बल्लभगढ येथे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून तिचे हिंदी रूप तयार केले. १९९५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात ‘डोळे मिटा’ असा मजकूर वाचायला देण्याऐवजी, ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून परीक्षक स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायला सांगतात. या छोट्या बदलांमागे जी दृष्टी आहे, ती कोट्यवधींच्या यंत्रामागच्या दृष्टीहून कमी शास्त्रीय नाही.

शेवटी शिक्षकांच्या कामाशी थेट जोडलेली एक गोष्ट. लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक दिले. बालपणी कमी शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण हे त्यांतले काही. हे सारे घटक दूर करता आले, तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. या यादीत पहिला उल्लेख शाळेचा येतो. आठवीत शाळा सोडू पाहणाऱ्या मुलीला दहावीपर्यंत नेणारा शिक्षक तिच्या सत्तरीतल्या मेंदूचीही काळजी घेत असतो. त्याचे चित्र कुठल्याही यंत्रात उमटणार नाही.

मेंदूचे चित्र काढू नये, असे आम्हांला म्हणायचे नाही. विस्मरणाची तक्रार खरी आहे, साध्या तपासण्यांनी कारण सापडले नाही आणि उत्तरावर पुढचा निर्णय अवलंबून आहे, अशा वेळी ते जरूर काढावे. अशा चित्राबद्दलची नवी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला लावावेत. यंत्राने नेमके काय मोजले? कोणाचे मोजले? परीक्षा खरोखर न पाहिलेल्या चित्रांवर झाली का? आणि उत्तर कळल्यावर त्या माणसासाठी काय करता आले? या चारांपैकी किती प्रश्नांची उत्तरे बातमीत सापडतात, त्यावरून तिला किती गुण द्यायचे ते विद्यार्थी स्वतःच ठरवू शकतील.